लोड घेत नाही

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून संगणक मधूनच बंद पडायला लागला, की सगळा आळ कार्डावर येतो. कालपर्यंत सुरळीत होतं, बदललं ते एवढंच, मग दोष त्याचाच असणार. सातारा-सांगली पट्ट्यात अशी कार्डं केवळ खेळासाठी घेतली जात नाहीत. लग्नाचं शूटिंग एडिट करणारे स्टुडिओ, फ्लेक्सची डिझाइनं करणारी दुकानं, घरांचे थ्रीडी देखावे काढणारे इंजिनिअर, सांगलीच्या वालचंद कॉलेजात नाहीतर कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी आणि खोलीवर स्वतःचं मशीन जुळवणारी मुलं, अशा कितीतरी जणांची कामं त्यावर अवलंबून असतात. ऐन लग्नसराईत रात्री फाइल रेंडरला लावून झोपावं आणि सकाळी पाहावं तर पडद्यावर विंडोज पासवर्ड मागत उभी. रेंडर अर्ध्यात गेलेलं, आणि दहा वाजता पार्टी पेनड्राइव्ह न्यायला येणार.

मग मशीन दुकानात जातं. तिथला पहिला उपाय ठरलेला: फॉरमॅट मारू. विंडोज नव्यानं टाकली जाते, ड्रायव्हर टाकले जातात, तासभर मशीन चालवून दाखवलं जातं. घरी आणलं की संध्याकाळी पुन्हा तेच. दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, ही खरं तर सगळ्यात मोलाची खूण, आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. कार्ड तेच, विंडोज तीच, मशीनला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, तोच. बदलतो तो भिंतीतला सॉकेट. म्हणून आपल्या भागात या दुखण्याचा तपास भिंतीपासून सुरू करून कार्डापर्यंत यावा, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक जण नेमके उलट्या दिशेनं जातात आणि वाटेत पैसे घालवतात.

बंद पडण्याच्या तऱ्हा

कशालाही हात लावण्याआधी मशीन कसं बंद पडलं ते पाहून घ्यावं. ‘हँग झालं’, ‘उडालं’, ‘डिस्प्ले गेला’ हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, पण त्यामागची कारणं अगदी वेगळी असतात.

पडदा काळा, पंखे थांबले, आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं, तर तो विजेचा प्रश्न आहे असं धरून चालावं. त्यातही मशीन बंद झाल्यावर बटण दाबूनही उठत नसेल, मागचा स्विच बंद करून पुन्हा चालू केल्यावरच उठत असेल, तर एसएमपीएसनं स्वतःच्या रक्षणासाठी दार लावून घेतलं आहे. त्याला झेपेल त्याहून जास्त ओढ झाली, किंवा कुठंतरी शॉर्ट आहे.

पडदा दोनेक सेकंद गोठला, काळा झाला आणि परत आला, तर गोष्ट वेगळी. विंडोज व्हिस्टापासून अशी सोय आहे की ग्राफिक्स कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर विंडोज त्याला मेलेलं समजते आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. हे साधलं तर काम पुढं चालू राहतं. नाही साधलं तर निळा पडदा येतो, आणि त्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असं लिहिलेलं असतं. इथं संशय आधी ड्रायव्हरवर, मग कार्डाच्या वेगावर आणि त्याला मिळणाऱ्या विजेच्या स्थिरतेवर घ्यावा. चित्रात रंगीत चौकोन, ठिपके, उभ्या रेघा दिसत असतील, आणि त्या बायॉसच्या पडद्यावरही दिसत असतील, तर मात्र कार्डाची मेमरी किंवा तिचं सोल्डर बिघडलेलं असण्याची शक्यता दाट आहे. विंडोज सुरू होण्याआधी ड्रायव्हरचा संबंधच येत नाही, त्यामुळं त्याच्यावर आळ घालता येत नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये या सगळ्याची नोंद राहते. तिथं ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की अनेकांना कारण सापडल्यासारखं वाटतं. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद न होता गेलं. का गेलं, हे ती सांगत नाही. पण तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ शून्य असेल, तर विंडोजला मरणापूर्वी काही लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुधा वीजच तुटली. डिस्प्लेची ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर ड्रायव्हर थांबून पुन्हा उठला होता.

लेबलावरचा छोटा आकडा

१९९९ साली एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं, तेव्हा कार्डाला लागणारी सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळत असे. आजच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटची मर्यादा ७५ वॅटची आहे. त्याहून जास्त हवी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर घ्यावी लागते: ६ पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट, ८ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅटमध्ये भागायचं, म्हणून जुन्या ऑफिसच्या मशीनमध्येही ते बिनबोभाट चालायचं, आणि आपल्याकडे ते इतकं खपलं त्यात या गुणाचा मोठा वाटा आहे. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, ३०८० ला ३२०. ज्यानं १०५० टीआय काढून ३०६० बसवलं, त्यानं मशीनवरचा भार एका झटक्यात जवळपास १०० वॅटनं वाढवला. एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर फुकट आलेलाच राहिला.

तो एसएमपीएस बाहेर काढून त्याचं लेबल एकदा नीट वाचावं. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं. खाली छोट्या अक्षरांचा तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आपल्याला पाहायचा आहे तो १२ व्होल्टचा रकाना, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. स्वस्त एसएमपीएसवर तिथं १४ अँपिअर असा आकडा सापडतो. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. नव्या कार्डाला एकट्यालाच १७० लागतात, आणि प्रोसेसरचे ६५ वेगळे. वरचा ४५० चा आकडा इतर व्होल्टेजचे कमाल आकडे जुळवून उभा केलेला असतो, आणि त्या व्होल्टेजची आजच्या मशीनला फारशी गरजच नाही. १९९० च्या दशकातल्या संगणकांत प्रोसेसर ५ व्होल्टवर चालत, तेव्हा त्या आकड्याला अर्थ होता. २००० च्या सुमारास पेंटियम ४ आला, प्रोसेसरची वीज १२ व्होल्टवर गेली, आणि स्वस्त एसएमपीएसची लेबलं त्या जुन्या काळातच राहिली.

दुरुस्तीच्या दुकानात एसएमपीएस तपासायची एक झटपट रीत आहे. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्यानं जोडतात, पंखा फिरला की ‘एसएमपीएस ओके’. पंखा फिरला याचा अर्थ तो सुरू होतो, एवढाच. तो भार पेलतो का, हे त्यातून कळत नाही. जाणते मेकॅनिक यासाठीच ‘लोड घेत नाही’ असं म्हणतात, आणि ते निदान अनेकदा अचूक असतं. भार असताना १२ व्होल्टची वायर मल्टिमीटरवर ११.४ च्या खाली उतरायला नको. मानकात ५ टक्क्यांचीच मुभा आहे.

पण मल्टिमीटरलाही दिसत नाही अशी एक ओढ असते. ज्या जिल्ह्यात पंपांची किर्लोस्करवाडी आहे तिथं विजेची मोटर म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगायला नको. विहिरीवरची ५ हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहापट करंट ओढते. कार्डाचंही तसंच आहे. खेळात किंवा रेंडरमध्ये काम अचानक वाढलं की हजारांश सेकंदापेक्षाही कमी काळ ते त्याच्या ठरलेल्या वॅटच्या दीडपट, कधी त्याहून जास्त ओढतं. ३५० वॅटचं आरटीएक्स ३०९० असं करताना ५०० वॅटच्या पुढं गेल्याचं मोजलं गेलं आहे. शेतातल्या मोटरीला स्टार्टर आहे; कार्डाला नाही. तो धक्का एसएमपीएसच्या कॅपॅसिटरनं सोसायचा असतो. हा प्रकार इतका वाढला की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसनं त्याच्या क्षमतेच्या दुप्पट ओढ १०० मायक्रोसेकंद सोसली पाहिजे, अशी अटच घालण्यात आली.

मोठी यंत्रं बांधणारे लोक किती ऐसपैस हिशेब करतात ते पुण्यात पाहता येईल. सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या वेगवान महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३ वा होता. तो एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए१०० या यंत्रांवर उभा आहे. असं एक यंत्र जास्तीत जास्त ६.५ किलोवॅट खातं, आणि त्यात ३ किलोवॅटचे ६ वीजपुरवठे बसवलेले असतात. तीन बंद पडले तरी उरलेल्या तिघांवर काम चालू राहावं, असा तो हिशेब आहे. घरच्या मशीनला इतकं नको; पण प्रोसेसर, कार्ड आणि बाकीचं मिळून ३०० वॅट लागत असतील, तर चांगल्या कंपनीचा, १२ व्होल्टवर खरोखर ५०० वॅट देणारा एसएमपीएस घ्यावा. कार्डावर २५ हजार घालून एसएमपीएसवर ९०० रुपये घालणं याला काटकसर म्हणता येणार नाही.

भिंतीतली वीज

आता दुकानात चालतं आणि घरी चालत नाही त्याचं कारण.

वीज क्षणभर गेली तर संगणक लगेच बंद पडत नाही. एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये थोडी ऊर्जा साठलेली असते, आणि तेवढ्यावर तो काही मिलिसेकंद काढतो. मानकानं हा काळ साधारण १६-१७ मिलिसेकंद धरला आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एक आवर्तन हुकलं तर दिव्याची नुसती पापणी लवते, आपल्या ते ध्यानातही येत नाही, पण संगणकाचा दम तेवढ्यात संपतो.

उदाहरणादाखल एक साधा एसएमपीएस घेऊ. आत ३३० मायक्रोफॅरडचा साठा आहे. भिंतीत पुरे २३० व्होल्ट असताना कॅपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतो, आणि २५० च्या खाली गेला की एसएमपीएस हात टेकतो असं धरू. या दोन टोकांमधली ऊर्जा सुमारे ७ ज्यूल भरते. जुनं कार्ड होतं तेव्हा मशीन २०० वॅट खायचं, म्हणजे त्याला ३५ मिलिसेकंद मिळत. नव्या कार्डासह ते ४०० वॅट खाऊ लागलं, की उरतात १८. घरातली वीज कालच्यासारखीच आहे. दर संध्याकाळी दोन-चार वेळा तिची पापणी लवते, तीही नेहमीसारखीच. फक्त पूर्वी मशीन ती पचवायचं आणि आता पचवू शकत नाही.

याहून वाईट अवस्था व्होल्टेज डाऊन असताना होते. भिंतीत १९० व्होल्ट असतील तर कॅपॅसिटर जेमतेम २६९ व्होल्टपर्यंत भरतो. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळं वापरता येण्याजोगी शिल्लक ७ ज्यूलवरून दीड ज्यूलवर येते. ४०० वॅटच्या मशीनला त्यात ४ मिलिसेकंदही नीट मिळत नाहीत. अॅक्टिव्ह पीएफसी असलेले एसएमपीएस आतलं व्होल्टेज स्वतःच उंचावून घेतात, म्हणून ते अशा वेळी बरेच तग धरतात. आपल्याकडे एसएमपीएस घेताना रंगीत दिव्यांपेक्षा आणि सोनेरी स्टिकरपेक्षा हा एक गुण आधी विचारावा.

व्होल्टेज कधी पडतं हे इथल्या माणसाला पाठ असतं. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीनं मिळते. पुष्कळ स्टार्टरना ‘ऑटो’ बसवलेला असतो, त्यामुळं वीज आली की रानातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि प्रत्येक मोटर तिच्या पाच-सहापट करंट मागते. ज्यांची वस्ती मळ्यात आहे, किंवा ज्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर घरं आणि मोटरी एकत्र आहेत, त्यांच्या घरचे दिवे तेव्हा पिवळे पडतात. साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीलगत राहणाऱ्यांना हाच अनुभव पाळी बदलताना येतो. म्हणून मशीन बंद पडण्याच्या वेळा आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवाव्यात. त्या वेळा थ्री-फेजच्या पाळीशी, शेजारच्या गिरणीशी किंवा घरातल्या पाण्याच्या मोटरीशी जुळल्या, तर कार्ड सोडवून परत पाठवायची घाई करू नये.

‘पण मला यूपीएस आहे’, असं यावर हमखास ऐकू येतं. घरोघरी असतो तो ६०० व्हीए चा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. ४०० वॅटचं मशीन त्यावर लाइट असताना चालतं, कारण तेव्हा वीज भिंतीतून सरळ पुढं जात असते. लाइट गेली की ओव्हरलोडचा आवाज करून तो बसतो. दुसरी एक गोम आहे आणि ती फार फसवते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना चौकोनी लहरीची वीज देतात. अॅक्टिव्ह पीएफसीच्या काही एसएमपीएसना ती रुचत नाही. त्यामुळं कुणी शहाणपणानं चांगला एसएमपीएस घेतो, आणि लाइट गेली की आधी न पडणारं मशीन आता लगेच पडतं. एसएमपीएस बदलून चूक झाली, असं त्याला वाटतं. दोष यूपीएसच्या लहरीचा असतो. अशा मशीनला शुद्ध साइन वेव्हचा आणि पुरेशा वॅटचा यूपीएस लागतो. घरचा इन्व्हर्टर वापरायचा असेल, तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते पाहावं. एरवी पंखे-दिव्यांसाठी असलेल्या साध्या मोडमध्ये तो वीज बदलायला एसएमपीएसच्या दमापेक्षा जास्त वेळ घेऊ शकतो.

भिंतीकडे पाहतोच आहोत तर अर्थिंगही पाहून घ्यावं. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर मंद पेटतो, हे अनेक घरांत नेहमीचं झालेलं असतं. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी म्हणून जीवावर बेतत नाही, पण अशा अवस्थेत मशीन चालू ठेवून एचडीएमआयची वायर टीव्हीला लावली की ठिणगी उडते, आणि ती कार्डाच्या पोर्टचा जीव घेऊ शकते. साताऱ्याच्या पश्चिमेला कासकडे जावं तसा जांभा लागतो, सांगलीकडे काळी जमीन. जांभ्याच्या कोरड्या पठारावर अर्थिंग लागायला कठीण. काळी जमीन ओल धरते म्हणून बरी, पण उन्हाळ्यात तीही भेगाळते. म्हणून जुने वायरमन खड्ड्यात कोळसा-मीठ भरायचे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला सांगायचे. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थ यांत जवळजवळ फेज-न्यूट्रलइतकेच व्होल्ट दिसायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीनच. एवढंच दिसलं म्हणजे अर्थिंग पक्कं असं नव्हे, पण हेही दिसत नसेल तर वायरमनला बोलवावंच. हे मोजमाप सवय असलेल्या माणसानंच करावं. अर्थिंग नसल्यामुळं मशीन बंद पडतं असं क्वचितच होतं, हेही सांगितलं पाहिजे. ते सुधारायचं ते माणसासाठी आणि पोर्टसाठी.

वायर, ड्रायव्हर, आणि दोन गाजलेली प्रकरणं

कार्डाला ८ पिनांची वायर हवी आणि एसएमपीएसला ती नाही, अशा वेळी दुकानदार एक जोडवायर देतो. हार्डडिस्कच्या सॅटा कनेक्टरमधून ६ पिनांची जोडणी काढणारी वायर तर कधीच घेऊ नये. सॅटाच्या १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. पलीकडे कार्ड ७५ वॅट मागणार. ते प्लॅस्टिक मऊ होतं, काळं पडतं, कधी पेटतं. एसएमपीएसला कार्डाची वायरच नसेल, तर त्यानं स्वतःच कबुली दिली आहे की हे काम माझं नाही.

स्लॉटमधून जास्त वीज ओढण्याचा घोळ मोठ्या कंपन्यांकडूनही झाला आहे. २९ जून २०१६ ला एएमडीचं रेडिऑन आरएक्स ४८० बाजारात आलं. ते १५० वॅटचं, त्याला एकच ६ पिनांची जोडणी. म्हणजे स्लॉटचे ७५ आणि वायरचे ७५, हिशेब अगदी काठोकाठ. तपासणाऱ्यांनी मोजलं तेव्हा कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटच्या वर ओढताना सापडलं. एएमडीनं जुलैमध्ये १६.७.१ हा ड्रायव्हर काढला आणि ती ओढ स्लॉटवरून वायरकडे वळवली.

सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आलं आणि जगभर खेळ मधूनच कोसळायला लागले. जर्मनीतले हार्डवेअर-परीक्षक इगोर वालोसेक यांनी कार्डाच्या मागच्या बाजूच्या कॅपॅसिटरकडे बोट दाखवलं. काही कंपन्यांनी तिथं मोठ्या आकाराचे सहा कॅपॅसिटर बसवले होते, काहींनी त्या सहांपैकी काहींच्या जागी पुष्कळ बारीक कॅपॅसिटरांचे गट. ईव्हीजीए या कंपनीनं तर सहाही मोठे कॅपॅसिटर असलेली रचना आपल्या चाचणीत टिकली नाही, म्हणून पाठवण्याआधीच बदलली, असं जाहीर केलं. लोक आपापली कार्डं उलटी करून कॅपॅसिटर मोजत बसले. महिनाअखेर एनव्हिडियाचा ४५६.५५ हा ड्रायव्हर आला आणि बहुतेकांचं कोसळणं थांबलं. कार्ड त्याच्या कमाल वेगाच्या टोकाशी किती काळ राहतं, यात फेरफार केल्यानं ते शांत झालं. ड्रायव्हर हा कार्डाच्या वेगाचा आणि विजेचाही कारभारी असतो, हे या प्रकरणात उघड झालं. म्हणून विजेची बाजू पक्की झाल्यावर ड्रायव्हरकडे यावं, आणि तेही नीट. जुना ड्रायव्हर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ वापरून सेफ मोडमध्ये पूर्ण काढावा, त्या वेळी इंटरनेट बंद ठेवावं, नाहीतर विंडोज मधल्या मधे स्वतःचाच ड्रायव्हर टाकून बसते. मग कंपनीच्या साइटवरून घेतलेला ड्रायव्हर टाकावा. एनव्हिडिया काढून एएमडी बसवलं असेल, किंवा उलट, तर हे केल्याशिवाय पुढं जाऊच नये. सगळं फॉरमॅट मारण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि फोटो-फायली जागेवर राहतात.

जुनं कार्ड नवं म्हणून

‘नवीन’ कार्ड पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून आलेलं असतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग करण्याचा धंदा एका दिवसात संपला, आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. अशा कार्डाची चिप बहुधा ठणठणीत असते. पंख्याचे बेअरिंग, मेमरीवरचे थर्मल पॅड आणि कॅपॅसिटर थकलेले असतात. पॅड बदलले तर पुष्कळ कार्डं पुन्हा उभी राहतात.

बनावट कार्डं याहून घातक. जुन्या जीटीएस ४५० सारख्या कार्डाचं बायॉस बदलून ते १०५० टीआय म्हणून विकलं जातं. पडद्यावर ४ जीबी मेमरी दिसते, आत एकच असते. साधं काम चालतं, मेमरी भरत आली की मशीन कोसळतं. जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं साधन अशी अनेक कार्डं ओळखून तसं स्पष्ट लिहितं. पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोरच ते चालवावं.

सांगलीसाठी आणखी एक सावधगिरी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाण्यात राहिलेलं कार्ड किंवा मदरबोर्ड धुऊन वाळवला की महिनोन् महिने चालतो, आणि मग आतून गंजतो. जुना माल घेताना टॉर्च लावून स्क्रूच्या भोवती, पंख्याखाली आणि कनेक्टरच्या बुडाशी पाहावं. गाळाची मातकट रेघ किंवा तांब्यावरची हिरवी बुरशी दिसली तर कितीही स्वस्त असो, सोडून द्यावं.

उष्णतेबद्दल थोडक्यात. परदेशी चाचण्यांत खोली २०-२५ अंशांची असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये बाहेर चाळीस असताना पत्र्याखालच्या खोलीत त्याहून कमी कसं असेल? कार्ड तापलं की आधी हळू होतं, लगेच बंद पडत नाही. पण ते स्वतःची उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतं, आणि तिथला प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस तीच हवा घेतात. वीस मिनिटांनीच मशीन पडत असेल, तर झाकण काढून समोर टेबल फॅन लावून पाहावा. तेवढ्यानं तासभर टिकलं, तर उत्तर मिळालं.

मोकळ्या हातानं करता येण्याजोगी एक चाचणी मला सगळ्यांत उपयोगी वाटते. एमएसआय आफ्टरबर्नर या फुकट साधनात कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणावी आणि नेहमीचं रेंडर लावावं. काम थोडं हळू होईल. मशीननं एकदाही न पडता रात्र काढली, तर कार्ड निर्दोष असण्याची शक्यता मोठी, आणि एसएमपीएस, वायर किंवा भिंतीतली वीज यांपैकी कुणाचा तरी दम कमी पडतो आहे. तरीही पडलं, तर ड्रायव्हर आणि रॅमकडे वळावं. दर वेळी एकच गोष्ट बदलावी. ड्रायव्हर, वायर आणि एसएमपीएस एकाच दिवशी बदललं आणि मशीन सुधारलं, तर बिघाड कुठं होता हे कधीच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा आला की पहिल्यापासून सुरुवात.

कार्ड काढून सोनेरी पट्ट्या पुसायच्या असतील, तर खोडरबर जपून वापरावं. तो मुलामा फार पातळ असतो, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बरा. पुन्हा बसवताना स्लॉटच्या टोकाची कडी ‘टक्’ वाजेपर्यंत दाबावं, आणि वायरच्या पिना पूर्ण आत गेल्या आहेत हे बोटानं चाचपावं. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० च्या जळालेल्या जोडण्यांचा तपास झाला, तेव्हा वायर पूर्ण आत न बसवणं हे त्यातलं मोठं कारण निघालं.

एवढं करूनही जमलं नाही, तर कार्ड एखाद्या मित्राच्या चांगल्या एसएमपीएसच्या मशीनवर, शक्यतो वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या घरी, दोन-तीन तास लोडवर चालवून पाहावं. तिथंही पडलं तर बिल, कार्डावरचा सीरियल नंबर आणि बंद पडण्याच्या वेळांचा तो कागद घेऊन वॉरंटीसाठी जावं. ‘चालत नाही’ असं तोंडी सांगण्यापेक्षा, ‘दोन वेगळ्या मशीनवर, इतक्या भाराला, इतक्या मिनिटांनी पडतं’ असं लेखी दिलं की सर्व्हिस सेंटरलाही तीच चाचणी करावी लागते.